ऑक्सफर्ड-केंब्रिजचा प्रवेश मिळाला, पण व्हिसा अडला: मास्टर्ससाठी जाणाऱ्यांनी कुठे जपायचं

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमध्ये मास्टर्सला निवड झालेली मुलं ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होताना घरीच बसलेली दिसली की जीव तुटतो. त्यांचे गुण कमी नसतात. अडतं ते बँकेच्या एका पत्रावर, जन्मदाखल्यातल्या कोऱ्या रकान्यावर किंवा चुकीच्या समजलेल्या तारखेवर. म्हणून इथे नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आटोपून, अर्ज जिथे परत येतात त्या जागांवरच लिहिते.

पात्रतेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चांगल्या श्रेणीची पदवी लागते, प्रत्येक अभ्यासक्रमाची अट त्याच्या पानावर दिलेली असते. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडायच्या, एटीकेटी लागलेल्या सत्राचीही. मागच्या बाजूला श्रेणीचा तक्ता छापलेला असेल तर तीही बाजू स्कॅन करायची. ऑक्सफर्डची इंग्रजीची अट दोन पातळ्यांची आहे: आयईएल्टीएसमध्ये एकूण ७.० आणि प्रत्येक भागात किमान ६.५, किंवा वरच्या पातळीसाठी ७.५ आणि किमान ७.०. एकूण ७.५ मिळूनही लेखनात ६.५ असेल, तर वरच्या पातळीची अट पुरी होत नाही. ‘आमचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ हे कॉलेजचं पत्र परीक्षेऐवजी चालेल, असं धरून बसू नका. आणि एजंटला पैसे देऊ नका. ही दोन्ही विद्यापीठं एजंटांमार्फत प्रवेश देत नाहीत.

आता तारखा. १५ ऑक्टोबर ही सगळीकडे फिरणारी तारीख बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमांची आहे, तिथे एका वर्षात ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. मास्टर्सला दोन्हीकडे करता येतो. ऑक्सफर्डच्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, आणि तीही दुपारी बारा वाजता, इंग्लंडच्या घड्याळाप्रमाणे. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ‘आजची तारीख आहे, रात्री बसून भरू’ म्हणणाऱ्याचा अर्ज तिथेच संपतो.

त्याहून महाग पडणारी चूक म्हणजे प्रवेशाची मुदत आणि शिष्यवृत्तीची मुदत एकच समजणं. काही अभ्यासक्रम मार्च-एप्रिलपर्यंत अर्ज घेत राहतात, पण शिष्यवृत्तीचा विचार फक्त डिसेंबर-जानेवारीपर्यंत आलेल्या अर्जांचा होतो. उशिरा अर्ज करणाऱ्याला प्रवेश मिळतो, पैसे मिळत नाहीत. केंब्रिजच्या गेट्स शिष्यवृत्तीसाठी प्रवेशाच्याच अर्जात वेगळा भाग भरावा लागतो, तो राहिला तर नंतर जोडता येत नाही. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची भारतातली मुदत तर विद्यापीठाचा अर्ज उघडण्याआधीच संपते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे पदवीनंतर लगेच जाणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत १८९२ पासून सुरू आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे घरच्यांना आधी सांगा.

पैशाची ही अडचण जुनीच आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या. गुणांनी त्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र होत्या, पण स्त्री म्हणून ती नाकारली गेली आणि इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढून खर्च उचलला. आज तसं कुणी नाकारू शकत नाही. पण योग्य तारखेला अर्ज न केल्यामुळे हातची शिष्यवृत्ती जाते, ते पाहून फार वाईट वाटतं.

शिफारसपत्रं ऑक्सफर्डला साधारण तीन लागतात, केंब्रिजला दोन. ती तुम्ही जोडायची नसतात, प्राध्यापकांना दुवा जातो आणि त्यांनी स्वतः पत्र चढवायचं असतं. आपल्याकडे अनेक चांगले प्राध्यापक कॉलेजचा ईमेल वापरतच नाहीत, आणि खासगी पत्त्यावरून आलेल्या शिफारशीबद्दल शंका घेतली जाऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीआधीच सरांना-मॅडमना भेटा, कॉलेजचा ईमेल सुरू करून घ्या, पत्र पोहोचलं का ते अर्जाच्या खात्यात पाहत राहा. ‘सरांना कसं विचारायचं’ या संकोचापायी वर्ष घालवू नका.

निवड झाली की सशर्त पत्र येतं. शर्ती सहसा दोन: अंतिम निकाल आणि पैशाची तजवीज. निकालाबाबत आपल्या विद्यापीठांचा अनुभव चांगला नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले तेव्हा परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची किती ओढाताण झाली, ते सगळ्यांना आठवत असेल. परीक्षा संपताच ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, अर्ज करा. उशीर दिसत असेल तर विद्यापीठाला मुदतीआधी ईमेल करा, मुदत उलटल्यावर नाही.

पैशाचे पुरावे दोन वेगळ्या ठिकाणी द्यावे लागतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. केंब्रिज संपूर्ण अभ्यासक्रमाच्या खर्चाची हमी मागतं. व्हिसासाठी मात्र पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च दाखवावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर हा खर्च महिन्याला १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, म्हणजे १०,५३९ पौंड. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस व्हिसाच्या अर्जाआधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. सरासरी शिल्लक इथे कामाची नाही. मध्ये एकच दिवस शिल्लक खाली गेली, तरी अर्ज नाकारला जातो. पौंडाचा दर हलतो, म्हणून नेमकी रक्कम ठेवू नका, वर थोडी असू द्या.

खातं कुणाचं, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. विद्यार्थ्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं चालतं. काकांचं, आजोबांचं, सख्ख्या भावाचं चालत नाही, त्यांनी कितीही प्रतिज्ञापत्रं दिली तरी. म्युच्युअल फंड, शेअर, पीएफ, सोनं, शेतजमीन यांतलं काही मोजलं जात नाही. मुदत ठेव चालते, पण ती हवी तेव्हा मोडता येते हे कागदावर दिसायला हवं. गावाकडच्या पतसंस्थेतल्या ठेवींवर विसंबू नका. बँक नियामकाच्या देखरेखीखालची हवी, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही. आयुष्यभराची बचत तिथे ठेवलेल्या आई-वडिलांना हे ऑगस्टमध्ये कळतं, तेव्हा २८ दिवस मोजायलाही वेळ उरलेला नसतो.

आई-वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर त्यांचं संमतीपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. आणि कित्येक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं. कुठे आईचं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. जुना हस्तलिखित दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असायला हवा. नाव नंतर नोंदवून घेता येतं, पण जुन्या नोंदींसाठी मुदतीचा प्रश्न येतो आणि नगरपालिकेत खेटे घालावे लागतात. माझा आग्रहाचा सल्ला: शक्य असेल तर पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यात वळते करा आणि तिथे २८ दिवस राहू द्या. मग नातं सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. पैसे कुठून आले त्याची कागदपत्रं मात्र जवळ ठेवा.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही. पत्र विद्यार्थ्याच्या नावाचं, सहा महिन्यांच्या आतलं हवं. बँकेच्या मंजुरीपत्रात बहुतेक वेळा एक ओळ असते: ‘घराचं गहाणखत पूर्ण झाल्यावर रक्कम दिली जाईल.’ ही ओळ घातक आहे. व्हिसा मिळण्यापलीकडे दुसरी अट असलेलं कर्ज व्हिसा अधिकारी मान्य करत नाहीत. शाखेत छापील मसुदा हातात देतात आणि ‘सगळ्यांना हेच देतो’ म्हणतात. ऐकू नका. गहाणखत आधी उरकून अटीविना नवं पत्र मागा.

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची कोंडी वेगळीच. तिथे बिनशर्त प्रवेशपत्र मागतात, आणि बिनशर्त पत्रासाठी विद्यापीठ पैशाचा पुरावा मागतं. अशा वेळी ऑक्सफर्ड-केंब्रिजमधल्या आपल्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला परिस्थिती लिहून कळवा आणि शैक्षणिक अटी पूर्ण झाल्याचं पत्र मागा. निवड यादी लांबली तर विद्यार्थ्याने काय करायचं, याची जबाबदारी शासनाने घ्यायला हवी.

आणखी दोन कागद वेळ खातात. विज्ञान-अभियांत्रिकीच्या काही विषयांना एटास नावाची ब्रिटिश सरकारची परवानगी लागते आणि भारतीयांना त्यातून सूट नाही. ती फुकट आहे, पण किमान ३० कामाचे दिवस धरा. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या केंद्रातच करायची, सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला चालत नाही. एक्स-रेत शंका आली तर थुंकीच्या तपासणीला आठ आठवडे लागू शकतात. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झाला असेल तर मे-जूनमध्येच तपासणी करा. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, अर्जाच्या दिवशी ते मुदतीत असेल एवढं पाहा.

हे सगळं हातात आलं आणि विद्यापीठाने कॅस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा क्रमांक, दिला की व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरता येतो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो अर्जासोबतच भरावा लागतो, म्हणून २८ दिवसांच्या रकमेतून तो काढू नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव असतं. अर्जात मात्र पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच लिहा आणि कॅसवरही तेच आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासा.

अर्ज नाकारला गेलाच तर घाईने लगेच दुसरा भरू नका. एकदा वापरलेला कॅस पुन्हा चालत नाही, नवा मागावा लागतो. नकाराच्या पत्रात नेमकं कारण दिलेलं असतं, ते पत्र त्याच दिवशी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाला पाठवा. चूक अधिकाऱ्याची असेल तर फेरतपासणीसाठी २८ दिवस मिळतात. पण फेरतपासणीत नवे कागद सहसा घेत नाहीत. कागद तुमच्याकडूनच राहिला असेल तर नवा अर्जच करावा लागतो, आणि उशिरा पोहोचण्याची शेवटची तारीख कोणती, हे विभागाला आधी विचारून घ्या.