लिफ्टमध्ये नेटवर्क फटीतून येते

मुंबईत गिरगाव, दादर अशा भागांतील काही जुन्या इमारतींत लाकडी केबिनची आणि सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट अजूनही चालू आहे. तिच्यात फोनवर बोलत वर गेले, तर संभाषण सहसा तुटत नाही. शेजारी पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या चाळीस मजली टॉवरच्या स्टीलच्या लिफ्टमध्ये मात्र दार मिटता मिटताच समोरच्याचा आवाज तुटक येऊ लागतो आणि दोन-तीन मजले चढेपर्यंत कॉल कट होतो. मोबाईल कंपनी तीच, मोबाईलचा टॉवर तोच, फोनही तोच असतो. बदललेले असते ते फक्त आपल्याभोवतीचे खोके.

धातूच्या खोक्याचा हा गुण मायकेल फॅरेडे यांनी 1836 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवून दिला. त्यांनी 12 फूट लांबी-रुंदी-उंचीची लाकडी चौकट उभारली, तिला तांब्याची तार, कागद आणि कथिलाचा वर्ख लावला आणि उपकरणे घेऊन ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून ठिणग्या उडेपर्यंत खोली विद्युतभारित केली, तरी आतल्या उपकरणांवर काहीही परिणाम झाला नाही. मोबाईलच्या रेडिओ लहरींबाबतही असेच घडते: त्या धातूवर आदळल्या की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि ते आतल्या बाजूची लहर जवळजवळ पूर्णपणे खोडून टाकतात. मोबाईलच्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची तीव्रता स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे 14 मायक्रोमीटर आत जाताच निम्म्याहून कमी होते, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतक्या खोलीत. लिफ्टचा पत्रा साधारण 1 मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो. त्यातून आरपार येण्याजोगे काहीच उरत नाही.

तरीही लिफ्टमध्ये कधीकधी फोन वाजतो, आणि या विषयातील सर्वांत रंजक गोष्ट मला हीच वाटते. ती लहर पत्र्यातून आलेली नसते. दाराच्या दोन पाळ्यांमधील फट, चौकटीजवळची सांध, पंख्याची आणि हवेची भोके यांतून ती शिरते. फट किती रुंद आहे यापेक्षा ती किती लांब आहे याला येथे अधिक महत्त्व असते. लहरीच्या लांबीच्या निम्म्याइतकी लांब फट, मग ती दोन-तीन मिलिमीटरच रुंद का असेना, अँटेनासारखी वागते. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर असते, आणि दाराची सांध चांगली दोन मीटर उंच असते. घरी ताडून पाहायचे असेल, तर फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण नुसते टेकवावे आणि दुसऱ्या फोनवरून कॉल लावावा. नेटवर्क चांगले असेल तर बहुतेक वेळा रिंग ऐकू येते. हाच फोन स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन-तीन थरांत सर्व बाजूंनी घट्ट दुमडून गुंडाळला, तर तो बहुधा गप्प होतो.

फटींतून येणारे नेटवर्क अर्थातच क्षीण असते. लिफ्टचे केबिन साधारणपणे 20 ते 30 डेसिबल नेटवर्क खाते, म्हणजे शक्तीचा शंभरावा ते हजारावा हिस्साच आत पोहोचतो. आधुनिक फोन कमालीचा तिखट कानाचा असतो. एका वॅटचे दहा लाख भाग केले आणि त्यातील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग केले, तर एवढ्याशा शक्तीवरही तो काम चालवू शकतो. पण उंच इमारतीतील लिफ्ट तिच्या मध्यभागी, आरसीसीच्या जाड भिंतींच्या आड असते, त्यामुळे लॉबीतच नेटवर्क अशक्त झालेले असते. त्यात संभाषण दोन्ही बाजूंनी चालावे लागते. 4जी नेटवर्कवर फोनची स्वतःची प्रक्षेपणशक्ती साधारण 0.2 वॅट, आणि त्याचा आवाजही त्याच फटींतून बाहेर पडून मोबाईलच्या टॉवरपर्यंत पोहोचायला हवा.

यावर उपाय आहेत. सर्वांत सोपा म्हणजे शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिच्या, माथ्यावर खाली तोंड केलेला अँटेना बसवणे. शाफ्ट लहरींना बोगद्यासारखा वाट करून देतो, पण उंच इमारतीत केबिन खाली गेले की अंतर वाढते. दुसरा उपाय म्हणजे शाफ्टच्या संपूर्ण उंचीभर लीकी केबल सोडणे. या केबलच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या असतात, त्यांतून लहरी थोड्या थोड्या पाझरत राहतात आणि केबिन कोणत्याही मजल्यावर असले तरी केबल त्याच्या शेजारीच असते. खाणींत आणि मेट्रोच्या बोगद्यांत हेच तंत्र वापरतात. केबिनच्या आत अँटेना लावून त्याची वायर लिफ्टबरोबर हलणाऱ्या केबलीतून नेण्याचाही मार्ग आहे, परंतु ती वायर दिवसातून शेकडो वेळा वाकते आणि साध्या बनावटीची असेल तर लवकर निकामी होते.

अँटेना लावला तरी काम निम्मेच होते, आणि चूक होते ती येथे. एका अँटेनाच्या नेटवर्कखाली येणाऱ्या भागाला सेल म्हणतात. समजा शाफ्टमध्ये एक सेल आणि लॉबीत दुसरा सेल आहे. बोलत बोलत आपण आत शिरलो की दार मिटायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात लॉबीतील नेटवर्क शंभरपटीने घसरते. फोनने नवा सेल ओळखायचा, त्याची मोजणी टॉवरला कळवायची आणि तिकडून आदेश आल्यावर पलटी मारायची, हे सारे त्याच वेळात उरकायला हवे. ते उरकले नाही तर जुना दुवा आधी तुटतो. म्हणून जाणकार अभियंता लिफ्ट आणि प्रत्येक मजल्याची लिफ्टसमोरची लॉबी एकाच सेलमध्ये ठेवतो. मग सेलची अदलाबदल प्रवेशद्वाराजवळ, माणूस चालत असताना, दोन्ही नेटवर्क पुरेसे सशक्त असलेल्या जागी सावकाश होते.

बाजारात मिळणारा विनापरवाना बूस्टर, म्हणजे नेटवर्क वाढवणारे यंत्र, आणून टांगणे हा उपाय मुळीच नाही. ते बेकायदा आहे, आणि अशा बूस्टरचे दोन अँटेना एकमेकांना ऐकू लागले की सभागृहातील माइक किंचाळावा तसा तो आसपासच्या साऱ्या परिसराचे नेटवर्क बिघडवतो. काम मोबाईल कंपनीमार्फतच करून घ्यावे, आणि शाफ्टमधील कोणतीही जोडणी लिफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञाच्या उपस्थितीतच व्हावी. इमारत बांधली जात असतानाच केबलची जागा आणि विजेची सोय राखून ठेवली, तर हा खर्च बराच आटोक्यात राहतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले आहेत. घर पाहायला जाणाऱ्याने पार्किंग आणि पाणी यांच्या जोडीने याचीही चौकशी जरूर करावी.

वीज गेली, एआरडी (वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरीवरची यंत्रणा) चालली नाही आणि इंटरकॉमवर कोणी उचलत नसेल, तर दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या आजीच्या हातात तिचा मोबाईलच उरतो. म्हणून सोसायटीने चाचणी घेताना वरच्या मजल्यावर रिकाम्या लिफ्टमध्ये फोनवरील नेटवर्कच्या काड्या मोजून समाधान मानू नये. माणसाच्या शरीरातील पाणी लहरी शोषते, त्यामुळे भरलेल्या लिफ्टमध्ये नेटवर्क आणखी घटते. सहा-सात जणांना घेऊन सर्वांत खालच्या बेसमेंटला जावे, दार मिटू द्यावे, आणि त्यानंतर आतून कॉल लावून पाहावा.