मलोका आणि शाबोनो: एकाच जंगलातली दोन निराळी घरं

अमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासी बायका सगळ्यांनी एकत्र जमायच्या घरासाठी पैशांची मदत उभी करतात, तेव्हा त्या घराला ‘मोठी झोपडी’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हा शब्द टोचतो. ब्राझीलच्या वायव्य टोकाला, साओ गाब्रिएल दा काशोएरा या एकाच नगरपालिकेच्या हद्दीत अशी दोन तऱ्हेची घरं आहेत. एक मलोका, दुसरं शाबोनो. दोन्ही पानांनी शाकारलेली, दोन्ही सगळ्यांची. साम्य तिथंच संपतं.

मलोका रिओ नेग्रो नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या तुकानो, देसाना वगैरे आदिवासींचं. लांबरुंद, दोन्हीकडे उतरत्या छपराचं, चारी बाजूंनी बंद. पुढचं दार नदीकडे, ते पुरुषांचं आणि पाहुण्यांचं. मागचं दार बायकांचं, कसाव्याच्या मळ्याकडे उघडणारं. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद, पण तिथल्या कडू जातीत विष असतं. तो किसायचा, वेताच्या लांब नळीत भरून पिळायचा, मग त्याची भाकर भाजायची. हे सगळं काम बायकांचं. या लोकांत नवरा-बायको एका भाषेचे नसावेत असा दंडक आहे. त्यामुळे मागच्या दारानं वावरणाऱ्या सासू-सुना बहुधा परक्या भाषा घेऊन आलेल्या असतात. छप्पर म्हणजे आकाश, खांब म्हणजे डोंगर, असं त्या घराचं नातं थेट सृष्टीशी लावलेलं आहे.

शाबोनो यानोमामी या दुसऱ्या आदिवासी लोकांचं, आणि त्याला मध्यावर छप्परच नाही. मोठं गोल किंवा लंबगोल कडं, त्यावर आतल्या बाजूला उघडं, एकीकडे कललेलं छप्पर आणि मधोमध आभाळाखालचं अंगण. चौसोपी वाड्याचा चौक डोळ्यांपुढे आणा, पण भिंतीविना. प्रत्येक कुटुंबाची आपली चूल, चुलीभोवती झोळ्या, आणि शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत मध्ये आडोसा नाही. मृतांसाठीचा रेआहू हा मोठा सोहळा याच अंगणाभोवती होतो.

खरा फरक मात्र ‘हे घर कोण बांधतं’ या प्रश्नात आहे. शाबोनोत ज्याच्या त्याच्या चुलीवरचं छप्पर तो तो बांधतो आणि ते तुकडे जुळून कडं पूर्ण होतं. एकट्याची मालकी कुणाची नाही. मलोकाला यजमान लागतो. तो शेजारपाजारच्या गावांना हाक देतो, माणसं खांब आणतात, पानं विणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक तीच. तिकडे याला आजुरी किंवा वायुरी म्हणतात. आलेल्यांना खाऊ घालायचं आणि काशिरी, म्हणजे कसाव्याची आंबवलेली पेज, पाजायची. ती बायकांनी केली नाही तर कुणी खांबाला हात लावत नाही. म्हणून मलोकासाठी बायका मदत उभी करतात हे मला नवल वाटत नाही. ती त्या नेहमीच उभी करत आल्या आहेत, फक्त तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता रोख पैसा कशाला, असं कुणी विचारेल. आज बहुतेक तुकानो कुटुंबं निरनिराळ्या घरांत राहतात. 1910च्या दशकापासून आलेल्या सालेशियन या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी मलोकांना सैतानाची घरं ठरवलं, ती पाडायला लावली आणि मुलांना वसतिगृहांत नेलं. त्यामुळे आज उभा राहणारा मलोका बहुतेकदा राहायचा नसतो. तो सभेचा, नाचाचा, भाषा शिकवायचा असतो. जुन्या मलोकात रोज चूल पेटायची, धुरानं पानं टिकायची. रिकाम्या घराचं छप्पर लवकर कुजतं, म्हणून बांधकामाच्या खर्चाइतकीच डागडुजीचीही तरतूद हवी. लांबून माल आणणाऱ्या होडीचं इंधनही विकतच घ्यावं लागतं.

पैसा येतो कुठून? वरच्या रिओ नेग्रोतून मनौस या मोठ्या शहरात परक्यांच्या घरी धुणीभांडी करायला गेलेल्या बायकांनी 1987 मध्ये आमार्न ही संघटना काढली. तुकुं नावाच्या माडाच्या तंतूंच्या पिशव्या विणून त्या विकतात. मातुराका या वस्तीतल्या यानोमामी बायकांनी 2015 मध्ये कुमिरायोमा ही आपली संघटना स्थापन केली. त्यांच्या वेलींच्या टोपल्यांत काळी नक्षी दिसते, ती रंगाची नाही. पेरिसी नावाच्या बुरशीचे काळे, केसासारखे तंतू जंगलातून वेचून त्या विणीत गुंफतात.

तेव्हा मदतीचं आवाहन समोर आलं तर छायाचित्रापेक्षा मी दोन गोष्टी आधी विचारते: घराला मध्यावर छप्पर आहे का, आणि तिथं रात्री कुणी झोपणार आहे का. पहिल्यावरून माणसं कळतात. दुसऱ्यावरून कळतं की पानं बदलायची वेळ आली की पुन्हा हात पसरावा लागेल की नाही.