बाजारपेठेतला रखवालदार 'अर्धा पोलीस' नव्हे

व्यापाऱ्यांनी गस्तीला नेमलेला खासगी रखवालदार झडती घेऊ शकतो, दंड वसूल करू शकतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो साफ चूक आहे. अटकेच्या बाबतीत तो तुमच्या-आमच्यासारखाच नागरिक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास वगैरेंची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ४० नुसार, आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (हक्काने जामीन मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला कुणीही धरू शकतं. मात्र ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायलाच हवं. नुसत्या संशयावरून एखाद्या पोराला दुकानामागच्या खोलीत डांबणं, खिसे उलटे करायला लावणं, याची मला मनस्वी चीड येते. पोलिसांसारखा गणवेश घालणं हाही २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने गुन्हाच. शटरची कुलपं तपासणं, काही वावगं दिसताच ११२ ला फोन करणं, हे त्याचं खरं काम.