अँटिबायोटिकचा वापर मोजायचा कशाने?

आपल्या रुग्णालयात अँटिबायोटिक जास्त दिली जातात का, हे एकट्याने कळत नाही. दुसऱ्या रुग्णालयाचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. मात्र गोळ्या मोजल्या तर २५० आणि ५०० मिलिग्रॅमची गोळी एकसारखी धरली जाते, आणि खर्च मोजला तर महाग ब्रँड घेणारा उगाच दोषी ठरतो.

हा पेच युरोपात आधी जाणवला. १९६६-६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयासाठी आर्थर एंगल आणि पीटर सिडेरियस यांनी सहा देशांतला औषधवापर तपासला. तफावत मोठी निघाली. १९६९ मध्ये ऑस्लोत यावर परिषद भरली आणि पुढच्या काही वर्षांत नॉर्वेतल्या तज्ज्ञांनी एक माप घडवलं: डीडीडी, म्हणजे औषधाच्या मुख्य उपयोगासाठी प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी लागणारी मात्रा. १९८२ मध्ये ते सांभाळणारं केंद्र ऑस्लोतच सुरू झालं. रुग्णालयं आपला वापर शंभर खाटा-दिवसांमागे (एक खाट एक दिवस भरलेली, तो एक खाटा-दिवस) किती डीडीडी, असा मांडू लागली.

माप सोपं, म्हणून ते टिकलं. पण ते मोजणीचं एकक आहे, डॉक्टरांनी द्यायचा डोस नव्हे, हे बैठकांमध्ये सर्रास विसरलं जातं. मुलांना मात्रा कमी लागते, त्यामुळे बालरुग्ण विभाग काटकसरी भासतो. किडनीच्या रुग्णांचा डोस उतरवावा लागतो, तिथेही तीच गत. २०१९ मध्ये तर मेरोपेनेम या अँटिबायोटिक इंजेक्शनची डीडीडी २ ग्रॅमवरून ३ ग्रॅम केली गेली. जुने आकडे नव्या मापाने पुन्हा काढले नाहीत, तर एकही इंजेक्शन न वाचवता वापर एक तृतीयांशाने घटल्याचा आलेख तयार!

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेने, दुसरी वाट धरली. तिथे रुग्णाला औषध किती दिवस दिलं ते मोजतात आणि तशाच प्रकारच्या वॉर्डात किती अपेक्षित होतं, त्या आकड्याने भागतात. उत्तर एकापेक्षा जास्त आलं की चौकशी सुरू करायची. तेवढ्यावरून डॉक्टर चुकले असं म्हणता येत नाही, हे सीडीसीही बजावते.

भारतात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ दरम्यान २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. ९,६५२ रुग्णांपैकी ७१.९ टक्के जणांना अँटिबायोटिक चालू होतं. रुग्णालयागणिक हे प्रमाण ३७ पासून १०० टक्क्यांपर्यंत. ही दरी बातमीत शोभते, पण रुग्ण किती गंभीर होते हे धरल्याशिवाय तिचा अर्थ लावणं धोक्याचं. मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा आकडा: दिलेल्यांपैकी ५५ टक्के औषधं संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती. शस्त्रक्रिया संपल्यावर असं प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. ते लांबवलं की नाही हे पाहायला केसपेपर पुरतो, दुसऱ्या रुग्णालयाचा आकडा लागत नाही.