सुईआधी आकडा : मूत्रपिंडातील गाठ कशी ओळखतात?

स्तनात किंवा मानेत गाठ लागली की पुढची पायरी बहुधा ठरलेली असते: सुईने तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. मूत्रपिंडाच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा पाळला जात नाही. तुकडा न तपासताच डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात, तेव्हा नातेवाईक चक्रावतात. पण त्यामागे घाई नसून सीटी स्कॅनवरचा भरवसा असतो.

लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही त्रयी वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात, तरी ती एकत्रितपणे आज दहांतल्या एका रुग्णातही दिसत नाही. निम्म्याहून अधिक गाठी पित्ताशयातील खडे वगैरे शोधण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतात. सोनोग्राफी पहिला प्रश्न सोडवते, तो म्हणजे गाठीत पाणी आहे की मांस. पातळ भिंतीची, स्वच्छ पाण्याची पिशवी वयाबरोबर अनेकांना होते आणि तिला हात लावण्याचे कारण नसते. पिशवीत जाड पडदे किंवा मांसल भाग दिसला, तर मॉर्टन बोस्नियाक यांनी 1986 मध्ये मांडलेली प्रतवारी लावतात. तिच्या चौथ्या प्रतीतील बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात.

मांसल गाठीचा निकाल आकड्यांवर लागतो. सीटी स्कॅनच्या चित्रातील प्रत्येक ठिपक्याला घनतेचा अंक असतो, आणि या तंत्राचे जनक गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या नावाने तो मोजतात: पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास. समजा, शिरेतून काँट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारे औषध, देण्यापूर्वी गाठीचा अंक 35 होता आणि दिल्यानंतर 110 झाला, तर तिला भरपूर रक्तपुरवठा आहे हे उघड होते. वाढ 20 हून अधिक असेल तर संशय बळावतो. 12 चा 15 झाला तर ती वाढ मोजमापाच्या चुकीतही बसते. गाठीत उणे अंकाचा, म्हणजे चरबीचा, भाग स्पष्ट सापडला तर ती बहुधा अँजिओमायोलायपोमा ही निरुपद्रवी गाठ ठरते.

आकडेही फसवतात, हे मान्य करायला हवे. ऑन्कोसायटोमा ही साधी गाठ स्कॅनमध्ये कर्करोगासारखीच उजळते, आणि 4 सेंटीमीटरहून लहान मांसल गाठींपैकी सुमारे पाचांतली एक निरुपद्रवी निघते. म्हणूनच गाठ लहान आणि रुग्ण वयस्क असेल, किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग तिथे पसरल्याची शंका असेल, तेव्हा सुईची बायोप्सी करतात.

गाठ मूत्रपिंडाच्या मांसात नसून लघवी गोळा होते त्या पोकळीच्या किंवा मूत्रवाहिनीच्या अस्तरात असेल, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. हे अस्तर मूत्राशयाच्याच जातीचे असते. इथे पाठीतून सुई घालणे शक्यतो टाळतात, कारण तिच्या वाटेवर कर्कपेशी सांडून रुजण्याची भीती असते. वेदनेशिवाय एकदाच लाल लघवी होते, मग थांबते, आणि घरचे म्हणतात, ‘मुतखडा असेल, पडून गेला.’ माझ्या मते सर्वांत महाग पडणारा समज हाच. अशा रुग्णाला काँट्रास्ट दिल्यावर टेबलावर आणखी आठ-दहा मिनिटे थांबवून पुन्हा स्कॅन घेतात. तोवर काँट्रास्ट लघवीत उतरून सारी वाट पांढरी दिसते, आणि त्या पांढऱ्यात एखादी काळसर खाच उरली तर तिथे गाठ असू शकते. रक्ताची गुठळीही अशीच खाच पाडते, पण ती काँट्रास्टने उजळत नाही.

लघवीतील पेशींची तपासणी आक्रमक कर्करोग बऱ्यापैकी पकडते. सौम्य प्रकार मात्र तिच्या हातून निसटतो. शेवटी सुमारे 3 मिलिमीटर जाडीची दुर्बीण मूत्राशयातून वर सरकवून गाठ प्रत्यक्ष पाहतात आणि चिमट्याने तुकडा घेतात. तुकडा इतका इवलासा असतो की कर्करोगाची जात कळते, पण तो भिंतीत किती खोल गेला आहे हे बहुधा कळत नाही. मूत्राशयही त्याच वेळी तपासून घेतात, कारण त्याच अस्तरावर आणखी एखादी गाठ तिथे असू शकते.