साइक्स: एका ओहोळाचे आडनाव

मुंबई इलाख्याच्या सरकारने १८२४ साली दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवले. लोकसंख्या, पिके आणि हवामान यांच्या नोंदी ठेवता ठेवता त्यांनी या पठारावरील पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे यांच्याही याद्या केल्या. १८३२ साली त्यांनी वर्णिलेला एक तुरेवाला चंडोल इंग्रजीत आजही ‘साइक्स लार्क’ या नावानेच ओळखला जातो, त्यामुळे आपल्याकडच्या माळरानांवर पक्षी पाहत हिंडणाऱ्यांच्या तोंडी हे आडनाव अजूनही अधूनमधून येते. कर्नल साइक्स यांचे घराणे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरचे. त्यांचे आडनावही तिथल्याच मातीतले, किंबहुना तिथल्याच पाण्यातले आहे.

उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे लहानसा ओढा, विशेषतः दलदलीच्या सपाट जमिनीतून संथ वाहणारा आणि उन्हाळ्यात बहुधा आटणारा. प्राचीन इंग्रजीत हा शब्द होता आणि व्हायकिंग वसाहतकऱ्यांच्या नॉर्स भाषेतही त्याचे जुळे रूप होते, त्यामुळे जिथे या दोन्ही भाषा एकत्र नांदल्या त्या प्रदेशात तो घट्ट रुजला. शेतांच्या हद्दी अनेकदा अशा ओढ्यांवरूनच ठरत. मध्ययुगीन दप्तरांत ‘देल साइक’, म्हणजे ओढ्याकाठचा, अशी माणसांची ओळख आढळते. मराठीतील ओहोळ किंवा ओव्हाळ ही आडनावे ज्यांना परिचित आहेत, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावांची चाल १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम जमीनदारांत सुरू झाली आणि पुढील तीन-चार शतकांत ती सामान्य कुळांपर्यंत पोहोचली. उत्तरेकडे ती दक्षिणेपेक्षा उशिरा रुळली. कोणाला गावावरून आडनाव मिळाले, कोणाला धंद्यावरून, कोणाला बापाच्या नावावरून, तर कोणाला निव्वळ टोपणनावावरून. ओढे मात्र पावलोपावली असतात. त्यामुळे हे आडनाव एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या अनेक कुटुंबांनी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घेतले असणार, असे आडनावांचे अभ्यासक मानत होते, आणि केवळ कागदपत्रांच्या आधारे पाहिले तर हे मत अगदी सयुक्तिक होते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी हे मत तपासायचे ठरवले. निमित्त घरगुतीच म्हणावे असे होते: ग्लॅक्सो या औषध कंपनीचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स आणि आपण नात्यात आहोत का, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही त्याच वाटेने जाते. इतर गुणसूत्रांच्या जोड्यांत दर पिढीला देवाणघेवाण होते. वाय गुणसूत्राचा बहुतेक भाग मात्र जसाच्या तसा पुढे सरकतो. त्यावर काही जागी डीएनएच्या चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पाठोपाठ अनेकदा आलेला असतो. तो किती वेळा येतो हा आकडा पुरुषापुरुषांत वेगळा असू शकतो, पण एका वंशात सहसा शेकडो पिढ्यांतून एखाद्याच वेळी बदलतो. अशा काही जागांचे आकडे एकत्र मांडले की त्या पितृवंशाची खूण मिळते.

यॉर्कशर, लँकशर आणि चेशर या परगण्यांतील साइक्स आडनावाच्या पुरुषांना पत्रे लिहून नमुने मागवण्यात आले. कॅथरीन अर्व्हन यांच्यासह २००० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ४८ जणांच्या वाय गुणसूत्रांवरील अशा चार जागा तपासल्या होत्या. त्यांपैकी २१ जणांची खूण तंतोतंत एक निघाली. सर रिचर्ड आणि ब्रायन यांची खूणही जुळली. त्याच भागातील इतर आडनावांच्या पुरुषांत ही खूण आढळली नाही. म्हणजे ओढे असंख्य असले, तरी आजच्या साइक्स कुळाचा मूळ पुरुष एकच असावा, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

उरलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचे काय? सुमारे सातशे वर्षांत आडनाव आणि गुणसूत्र यांच्या वाटा कुठे ना कुठे फुटतात. विवाहबाह्य संबंध हे एक कारण असते, आणि वृत्तपत्रांना नेमके तेच आवडते. परंतु दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे किंवा वारसा मिळावा म्हणून सासरचे अथवा आजोळचे आडनाव घेणे, हीदेखील तितकीच खरी कारणे आहेत. या सर्वांचा मिळून दर पिढीला सरासरी १.३ टक्के असा अंदाज निबंधात मांडला आहे. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात पुढे झालेल्या अभ्यासातही हे प्रमाण सुमारे एक टक्काच आढळले.

माझ्या मते निष्कर्षातील ‘एकच’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली आडनावे लोप का पावतात हा प्रश्न गणिती रूपात मांडला, आणि हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने त्याचे उत्तर दिले. सर्वच आडनावे अखेरीस नष्ट होतील, हा त्यांचा निष्कर्ष चुकला. पण पद्धत बरोबर होती. एखाद्या घरी केवळ मुली होतात, एखादा पुरुष निपुत्रिक जातो आणि तेवढ्याने पितृवंश संपतो. त्यात १३४८–४९ च्या प्लेगने इंग्लंडची किमान एक तृतीयांश लोकसंख्या नेली. ओढ्याकाठी आरंभी पाच-सहा वेगळी कुटुंबे राहत असली, तरी काही शतकांनी त्यांतील एखाद्याचीच संतती प्रामुख्याने उरू शकते.

लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटेनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांतील जवळजवळ नऊ दशांश एकाच वाय-वंशगटातले निघाले, तर स्मिथ आडनावाचे पुरुष रस्त्यावर यदृच्छेने निवडलेल्या माणसांइतकेच परस्परांहून भिन्न होते. गावोगावी लोहार होते, तेव्हा स्मिथांबाबत हे अपेक्षितच होते. साइक्स या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. त्या २१ जणांचा समान पूर्वज आपल्या ओढ्याकाठी एकटाच राहत होता, की शेजारच्या ओढ्यांवरील साइक्स वंश पुढे खुंटत गेले, हे केवळ आजच्या माणसांच्या रक्तातून सांगता येत नाही. त्यासाठी चौदाव्या शतकातील करवसुलीच्या याद्या आणि वाय गुणसूत्राचे तक्ते शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.