रक्तदाबाची गोळी आणि वडापचे भाडे

माण, खटाव किंवा जतसारख्या कोरड्या तालुक्यातील एखाद्या शेतमजूर बाईला मेंदूत रक्तस्राव होऊन साताऱ्याच्या, कराडच्या किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तर त्या उपचारांचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उचलू शकते. या योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले आहे. परंतु त्याआधीची अनेक वर्षे तिचा रक्तदाब वाढलेलाच असतो. तो ज्या रोजच्या गोळीने आटोक्यात राहिला असता, ती गोळी या योजनेच्या कक्षेत सहसा येत नाही, कारण योजनेची रचना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. कामगार विमा संघटित क्षेत्रातील नोकरदारांसाठी आहे. शेतमजूर, वीटभट्टीवरचे मजूर आणि ऊसतोड टोळ्या त्याच्या बाहेरच राहतात. देशाच्या एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला, ही खरोखरच मोठी सुधारणा आहे. पण उरलेल्या खर्चात महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या औषधांचा भाग ठळक आहे आणि तो विम्याच्या कार्डाने कमी होत नाही.

उच्च रक्तदाबाची अडचण अशी की तो बहुधा दुखत नाही. वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक, असा वेगवेगळ्या दिवशी आढळत राहिला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. वाढलेल्या दाबाखाली लहान रोहिण्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू फुगतो, मूत्रपिंडातील गाळणी झिजत जाते, आणि हे सारे घडत असताना माणूस उसाच्या मोळ्या उचलत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे २२ कोटी प्रौढांना हा विकार आहे आणि त्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. वरचा आकडा १० मिलिमीटरने खाली आणला तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने आणि हृदय निकामी होण्याचा धोकाही जवळपास तेवढाच कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. अतिदक्षता विभागातील कोणत्याही यंत्राला इतक्या स्वस्तात हे साधलेले नाही.

यासाठी लागणारी औषधे जुनी असून त्यांच्या जेनेरिक गोळ्या सहज मिळतात. उपचाराची सुरुवात बहुधा अम्लोडिपिनने होते. हे औषध रोहिण्यांच्या स्नायूपेशींत शिरणारे कॅल्शियम अडवते, त्यामुळे त्या सैल होतात. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात; म्हणून एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी दाब लगेच उसळत नाही. पहाटे अंधारात कामाला निघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे. आठवडाभर खंड पडला मात्र दाब पुन्हा चढतो, आणि तो चढल्याचे रुग्णाला कळतही नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. तरीही ‘फुकट’ गोळीला किंमत पडते. वस्तीवरून वडापने, म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या खासगी जीपने, तालुक्याला जायचे, रांगेत थांबायचे आणि दुपारनंतर परतायचे, म्हणजे भाडे गेले आणि दिवसाचा खाडाही पडला. ज्या आजारात काहीच दुखत नाही, त्यासाठी दर महिन्याला रोजगार बुडवावा, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने रुग्ण बेफिकीर आहेत म्हणून तक्रार करणे मला अन्यायाचे वाटते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नेमका या ठिकाणी हात घालतो. महाराष्ट्रात त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या चार जिल्ह्यांत सातारा होता; भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे इतर तीन. औषध आणि मात्रा यांचा राज्यासाठी एकच ठरलेला क्रम, अखंड साठा, डॉक्टरांच्या जोडीने परिचारिका व आशाताईंची वाटून घेतलेली जबाबदारी, घराजवळच्या उपकेंद्रात महिनाभराच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना फोन करणे, एवढाच त्याचा गाभा आहे. यात नवे औषध एकही नाही. उपक्रमातील निवडक २४ आरोग्य केंद्रांतील सुमारे २२ हजार रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा नोंदणीच्या वेळी २६.३ टक्के रुग्णांचा दाब नियंत्रणात होता, तो पाठपुराव्यात ५९.८ टक्क्यांचा झाला. शिवाय मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक केंद्रांत नियंत्रण अधिक चांगले आढळले. तज्ज्ञ तर मोठ्या रुग्णालयांत अधिक असतात. मग हे अंतर घराच्या जवळिकीतून आणि ओळखीच्या सिस्टरने केलेल्या विचारपूशीतून आले असावे, असे मानायला जागा आहे.

साठ्याचा मुद्दा रुक्ष वाटतो, पण तोच निर्णायक आहे. सपाट प्रदेशात एक प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येसाठी असावे, असा निकष आहे. तीस हजारांपैकी निम्मे लोक तिशीच्या पुढचे आणि त्यांतील चौथ्या हिश्शाला उच्च रक्तदाब आहे असे ढोबळमानाने धरले, तर रुग्ण पावणेचार हजारांच्या घरात जातात. त्यांतील फक्त १ हजार जण नोंदले गेले आणि प्रत्येकाला दिवसाला एकच गोळी लागली, तरी महिन्याला ३० हजार गोळ्या हव्यात. मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून ठरवली तर ती कायमच तोकडी पडणार, कारण गेल्या वर्षी साठा संपल्यामुळे परत गेलेल्या रुग्णांची नोंद त्या खपात नसते. मागणी नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवरून काढली पाहिजे.

ऊसतोड टोळ्यांच्या बाबतीत हे गणित आणखी बिघडते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून हजारो कुटुंबे सातारा-सांगलीच्या कारखान्यांच्या परिसरात येतात. रुग्ण इथल्या फडात आणि नोंद गावाकडच्या केंद्रात, अशी स्थिती होते. त्यांचा रक्तदाब मोजतानाही काळजी घ्यावी लागते. मोळी टाकून नुकत्याच आलेल्या, उन्हाने तापलेल्या माणसाचा आकडा विश्वासाचा नसतो; पाच मिनिटे पाठ टेकून बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून निदान दोनदा मोजणी करावी लागते. शिवाय अंगदुखीसाठी किराणा दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात. क्लोरथॅलिडोनसारखे लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर उन्हातील श्रमांत पाणी आणि क्षार आणखी घटतात, आणि त्यात या वेदनाशामकांची भर पडली की मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. म्हणून ‘काम काय करता आणि अंग दुखल्यावर काय घेता’ हे दोन प्रश्न तपासणीच्या कागदावर छापलेलेच असावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दाब नियंत्रणात आलेल्या रुग्णाला तीन ते सहा महिन्यांनी एकदा तपासले तरी चालते. हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणजे गाव सोडताना स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचे नाव, मात्रा लिहिलेले कार्ड दिले, तर उरलेल्या हंगामासाठी टोळीच्या मुक्कामाच्या अड्ड्यावर एकदाच तपासणी आणि गोळ्यांचे वाटप करावे लागेल. ते जानेवारीच्या आसपास येईल. कोणत्या गावाच्या हद्दीत किती कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, उतरणार आहेत, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि मुकादमांना आधीच माहीत असते. तो आकडा ऑक्टोबरमध्येच त्या हद्दीतील प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाला, तर त्या कोयत्यांमागची माणसे जानेवारीच्या औषध मागणीत धरता येतील.